एक तरी रविवार

पोर्ट हॅरो, ओहायो
१८ सप्टेंबर १९७३

ती. ओल्गाताईस,
एमिलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि गोड कोलाच-पावांचा डबा एकाच टपालाने आले. डबा तुझ्या लेकाने उघडला आणि पत्र मी, त्यामुळे माझ्या वाट्याला नुसतं पत्र आलं. तुझ्या भावजयीने, आयरीनने, खसखशीचा एक कोलाच माझ्यासाठी फडक्याखाली लपवला होता, तोही त्याने हुडकून काढला. एवढा घोडा झाला, पण स्वयंपाकघरात शिरला की तुझा बो अजून पहिलीतलाच आहे. माडीवरची खोली त्याला आवडली. पलंग मात्र आखूड पडतो, पाय खुर्चीवर ठेवून झोपतो.

रविवारी आम्ही हरलो, ते तुला कळलंच असेल. इतकी वर्षं दुसऱ्या कोचांच्या हाताखाली घालवली, तेव्हा कुठे फुटबॉलचा एक संघ माझ्या हाती आला, आणि तोही आपल्याच गावचा. आपले बाबा ज्या भट्ट्यांत जन्मभर कोळसा टाकत राहिले, त्या भट्टीवाल्यांच्या नावाचे हे स्टोकर्स. तुला सांगायला लाज नाही, मैदानात उतरताना डोळे भरून आले होते. मग खेळ सुरू झाला आणि डोळे आपोआप कोरडे झाले. आमची पहिली फळी अशी की, वाऱ्याने दार उघडावं तसा समोरचा गडी आत यायचा.

पण पहिलाच सामना आहे. फार मनाला लावून घेत नाही.

बोची काळजी करू नकोस. आमचा पहिला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, टेट आहे, आणि त्याला काही झालं तरच बोचा नंबर. तोवर तो माझ्या शेजारी टोपी घालून उभा असतो. संघातले सगळ्यात स्वच्छ कपडे त्याचेच. धोबीण त्याच्यावर फार खूश आहे.

तुझ्या टर्कींना माझा नमस्कार. नाताळापर्यंत त्यातली एकही उरणार नाही हे त्यांना सांगू नकोस.

लोभ आहेच, तो या हरलेल्या भावावर जरा जास्त असू दे.
तुझा,
एमिल

*

आयोवा
३० सप्टेंबर १९७३

चि. एमिल यास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

आज तिसरा सामना हरलास, तो मी रेडिओवर ऐकला. दूध काढताना गोठ्यात रेडिओ लावते. हे बंद कर, गाई दूध चोरायला लागल्यात, असं शेजारचा होरेस सांगून गेला. मी त्याला म्हटलं, माझा भाऊ आहे तो, गाईंनीही सोसलं पाहिजे.

थट्टा पुरे. एक गोष्ट लिहायची आहे, राग मानू नकोस. बोचं पत्र आलं. भाचा आहे म्हणून मामा मला मुद्दाम मागे ठेवतो, लोक काय म्हणतील याची त्याला भीती वाटते, असं त्याने लिहिलंय. मी दोघांच्या मध्ये पडणार नाही. जोसेफ गेल्यावर बापाविना झालेल्या या पोराला तूच चेंडू धरायला शिकवलास, उन्हाळाभर आमच्या अंगणात राहून. तेव्हा तू कधी त्याला भाचा म्हणून सोडलं नाहीस. आता भाचा म्हणून अडवूही नकोस. दुसऱ्या कुणाचा मुलगा असता तर जे केलं असतंस, तेच कर.

आई म्हणून विचारशील, तर तो त्या स्वच्छ कपड्यांत उभा राहिलेलाच मला बरा वाटतो. पण हे त्याला कळू देऊ नकोस.

आयरीनला सांग, लोकरीचे मोजे विणायला घेतलेत. तुमच्या तळ्यावरचा वारा मला आठवतो.

वेळेवर जेव, आणि हरलास म्हणून ताईला विसरू नकोस.
तुझी,
ओल्गाताई

*

पोर्ट हॅरो
१६ ऑक्टोबर १९७३

ती. ओल्गाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं म्हणणं देवाने भलत्याच रीतीने ऐकलं. परवा दुसऱ्याच डावात टेटचा गुडघा गेला. मी दहा पावलांवर होतो, मला आवाज ऐकू आला. त्याला स्ट्रेचरवर घालून नेलं आणि मी मान वळवली, तर बो हेल्मेट घालून तयारच होता. मी सांगायच्या आधी हेल्मेट घातलं होतं त्याने.

हरलोच. पण ताई, पोरगा खेळला! दोनदा पडला, दोनदा माती झटकून उठला, आणि शेवटी डावीकडे असा लांब चेंडू फेकला की मैदानावरच्या पन्नास हजार लोकांना क्षणभर आपण कोण ते विसरायला झालं. एका धडकेत जरा जोरात आपटला. पायांवर उभा राहिला, पण आमच्याकडे येण्याऐवजी समोरच्या संघाकडे चालायला लागला. सगळे हसले, तोही हसला. डॉक्टरने बोटं मोजायला लावली, ती त्याने बरोबर मोजली.

गाव मात्र आता बदललंय. न्हाव्याकडे गेलो की गप्पा थांबतात. फादरने प्रवचनात सांगितलं की, जे अशक्य तेच परमेश्वरापाशी मागावं, आणि सगळ्या चर्चने वळून माझ्याकडे पाहिलं. मालक ब्रॅनिगन फोन करतात आणि हवापाण्याविषयी बोलतात. माणूस हवापाण्याविषयी बोलायला लागला की समजावं, दिवस भरत आलेत.

मला सगळे सामने नकोत. एक तरी रविवार आमचा व्हावा, एवढंच. ज्यांनी आठवडाभर पोलादाच्या गिरणीत घाम गाळून तिकीट काढलंय, त्यांना एक तरी संध्याकाळ मान वर करून घरी जाता यावं.

मोज्यांची वाट पाहतोय. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
एमिल

*

पोर्ट हॅरो
२ नोव्हेंबर १९७३

ती. आईस,
बोचा साष्टांग नमस्कार.

कसा आहेस, कसा आहेस असं तू प्रत्येक पत्रात विचारतेस. मजेत आहे. बरगड्या निळ्या-हिरव्या झाल्यात, ते रंग मामीला पडद्यासाठी पसंत पडलेत. आम्ही अजून जिंकलो नाही, हे तुला होरेसने सांगितलंच असेल. त्याला माझ्यातर्फे एक लाथ घाल.

इथल्या लोकांची कल्पकता बघ. सोमवारी सकाळी मामाने दार उघडलं, तर पायरीवर तळ्यातल्या मेलेल्या माशांचा ढीग, आणि त्यावर चिठ्ठी, की हेसुद्धा तुझ्या पोरांपेक्षा चपळ आहेत. मामी रडली. मामाने फावडं आणलं, बागेत खड्डा खणला आणि मासे पुरले. वसंतात इथे टोमॅटो चांगले येतील, एवढंच म्हणाला. पण हल्ली जेवताना तो घास हातात धरून भिंतीकडे बघत बसतो. मामी हळूच ताटाला चमचा लावते, मग दचकून खातो.

मला लोक उजव्या बाजूचा दानशूर म्हणतात. उजवीकडे मी फेकलेले चेंडू समोरचेच गडी झेलतात म्हणून. एका दुकानदाराने तसा फलकच लावलाय. जाऊ दे. सवय व्हायला वेळ लागतो, हे मैदान मोठं आहे.

आई, वर्तमानपत्रांची कात्रणं पाठवू नकोस. वाचायला कंटाळा येतो, छपाई फार बारीक असते. तूच मोठ्या अक्षरात लिहीत जा. आणि मामीचा दुधाचा चिनी चंबू माझ्या कोपराने फुटला, तिच्या आईने दिलेला होता म्हणे. तसा नाताळाला एखादा मिळाला तर बघ.

मला एक सामना जिंकायचाय. मामासाठी. तो मागत नाही, पण मला कळतं.

तुझ्या पदराखालचा,
बो

*

आयोवा
१३ नोव्हेंबर १९७३

चि. एमिल यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र घाईत लिहिते आहे. रविवारी तुमचा सामना आमच्याकडे टेलिव्हिजनवर दाखवला. फादर क्लिमेशच्या छपरावर उंच एरियल आहे, तिथे सगळं गाव जमलं होतं. मी तीन केक नेले आणि एकालाही हात लावला नाही.

एमिल, त्या पोराला काहीतरी झालंय. समोरच्या संघाचा तो मोठा, काळा कोट घातल्यासारखा गडी उजव्या अंगाने धावत आला, सगळ्यांना दिसत होता. खोलीतल्या म्हाताऱ्या बायकासुद्धा किंचाळल्या. बोने मान वळवली नाही, हात आखडला नाही. त्या बाजूचं दार बंद आहे असं समजल्यासारखा उभा राहिला. हा माझा मुलगा नव्हे. कोल्हा कोंबड्यांच्या खुराड्याकडे वळला की कुत्र्याच्या आधी याला कळायचं.

मला खेळातलं कळत नाही, पण बो कळतो. त्याला जवळ बसवून विचार. मला फोन करायचा म्हटलं तर आमच्या सामायिक लाइनवर अख्खा रस्ता कान लावून बसतो, आणि माझ्या तोंडून भलतंच निघेल.

लगेच लिही. बाकी सगळं मागाहून.
ओल्गाताई

*

पोर्ट हॅरो
२० नोव्हेंबर १९७३

ती. ओल्गाताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ताई, तू आई आहेस, म्हणून तुला प्रत्येक धडक वेगळी दिसते. मला त्या सगळ्या सारख्याच दिसतात, आणि त्यांना मोजदाद नाही. समोरच्यांना अडवणारी आमची फळीच कागदाची. मागे उभा राहणारा कुणीही असला तरी तुडवला जाणार. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ डावीकडे असते, तिकडचं त्याला दिसत नाहीच. हा त्या खेळाचाच धर्म आहे. बोला विचारलं. तो हसला आणि म्हणाला, आईला सांग चष्मा बदल.

तो दमलाय. आम्ही सगळेच दमलोय. काल मी गड्यांपुढे बोलायला उभा राहिलो आणि मला एकही शब्द सुचला नाही. इतकी वर्षं बोलून माणसं उभी केली, आणि काल माझ्याकडे काहीच नव्हतं. ते पंचेचाळीस जण माझ्याकडे बघत राहिले. शेवटी मी म्हटलं, जा, कपडे बदला. ते मान खाली घालून गेले. कुणी कुजबुजलंही नाही, ते मला जास्त लागलं. ज्यांना अजून राग येतो त्यांच्याकडून काही करून घेता येतं.

आता गावात मला कुणी शिव्या देत नाही. गिरणीपाशी एक ओळखीचा म्हातारा भेटला, बाबांबरोबर कामाला होता. त्याने नुसता माझा दंड थोपटला, मयताला आल्यासारखा.

मोजे मिळाले. तुझ्या शेजाऱ्याच्या रडगाण्याला तूच रागवत जा. मला आता हसू येत नाही.

तुझा,
एमिल

*

पोर्ट हॅरो
१३ डिसेंबर १९७३

ती. ओल्गाताईंस,
आयरीनचा शिरसाष्टांग नमस्कार.

माझं अक्षर बघून दचकू नका. मला कधी लिहायची वेळ येत नाही, तुमचे भाऊच लिहितात. पण आज ते लिहिण्याच्या अवस्थेत नाहीत, आणि तुम्हाला कळवायचं नाही अशी बोने आम्हाला शपथ घातली आहे. ती मी मोडते आहे. देव मला विचारेल तेव्हा बघून घेईन.

काल सकाळी आम्ही तिघं न्याहारीला बसलो होतो. टोपलीतलं संत्रं यांनी उचललं आणि टेबलापलीकडे बोच्या दिशेने सहज भिरकावलं, रोजच्यासारखं. ते बोच्या उजव्या गालावर बसलं. बो हसला, माझं लक्ष नव्हतं म्हणाला. हे हसले नाहीत. यांनी दुसरं संत्रं घेतलं आणि अगदी हळू, लहान पोराला द्यावं तसं, पुन्हा त्याच बाजूने टाकलं. तेही लागलं. ताई, त्याने हातसुद्धा वर केला नाही. यांचा चेहरा असा झाला की मी उठून त्यांच्या खुर्चीला धरलं. उजवीकडचं तुला दिसायलाच हवं, डावीकडचं नाही दिसलं तर गोष्ट वेगळी, असं ते पुटपुटत राहिले. आणि मग, ओल्गाने लिहिलं होतं, ओल्गाने लिहिलं होतं, एवढंच.

ते त्याला उचलूनच डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. वाटेत बो गाडीत ओरडत होता, ते मागे बसून मी ऐकलं. आधी ठिणग्या दिसायच्या, मग काळे ठिपके, आणि आता उजव्या डोळ्यावर खालून वर पडदा चढल्यासारखा झालाय. दोन महिने हे पोर कुणाला बोललं नाही. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतला पापुद्रा सुटलाय, ओल आलेल्या भिंतीचा रंग सुटतो तसा. ताबडतोब शिकागोला नेऊन शस्त्रक्रिया करायला हवी. डाव्या डोळ्यातही एक जागा कच्ची आहे. आणखी एक धडक बसली तर काय होईल ते देवालाच ठाऊक.

बो म्हणतो, सोमवारी जाईन, रविवारी खेळून. शेवटचा सामना आहे, आपल्याच मैदानावर, आणि समोरचा संघ जवळजवळ आमच्याइतकाच वाईट आहे. जिंकायची ही एकच संधी उरलीय. यांनी सांगितलं, तू खेळणार नाहीस. बोने हातापाया पडून पाहिलं, मग नको ते बोलला. ते मी लिहिणार नाही. ब्रॅनिगनसाहेबांचा फोन आला, की आपल्या संघाचा डॉक्टर त्याला खेळायला परवानगी देतोय, तुम्ही कोण नाही म्हणणारे. हे म्हणाले, मी त्याचा मामा. आणि फोन ठेवला.

तुम्ही शिकागोला या. बो रविवारपर्यंत हलणार नाही, मामा शेवटच्या क्षणी मऊ पडेल अशी त्याला आशा आहे. मी त्याला ओढून नेऊ शकत नाही, तो माझ्या दुप्पट आहे.

तुमच्या पायांशी,
आयरीन

*

पोर्ट हॅरो
१८ डिसेंबर १९७३

ती. ओल्गाताईस,
सा. न. वि. वि.

हे शिकागोच्या हॉस्पिटलच्या पत्त्यावर पाठवतो आहे. तू पोचलीस असं आयरीनला कळलं. मी स्टेशनवर बोला पोचवायला गेलो होतो. तो डब्यात जाऊन बसला आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.

तुला सगळं दुसऱ्यांकडून कळण्याआधी मी सांगतो. रविवारी बर्फाची भुरभुर होती. बो पूर्ण वेशात बाकावर बसला होता, हेल्मेट मांडीवर. मी त्याचं हेल्मेट काढून घ्यायला हवं होतं, पण तेवढं माझ्याच्याने झालं नाही. खेळवलं ऑर्विलला, जो खरं म्हणजे फक्त लाथ मारून चेंडू लांब घालवायच्या कामाचा. आणि तरी आम्ही सामना लढवला, ताई. कागदाची फळी त्या दिवशी कशी कोण जाणे भिंत झाली. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. साऱ्या मैदानावर माणसं उभी, टोप्या हातात, देवळात असावीत तशी.

शेवटची फेक. डावीकडे आमचा एक गडी एकटा होता. आजूबाजूला कुणी नाही, हात वर करून उभा. ऑर्विलने त्याला पाहिलं, फेकलं, आणि चेंडू त्याच्या पायांपुढे बर्फात पडला. संपलं. एकही सामना न जिंकता हंगाम संपला.

बोने हेल्मेट बाकावर ठेवलं आणि कुणाकडेही न बघता आत गेला. आत वार्ताहरांनी त्याला गाठलं. तो म्हणाला, डावीकडचा तो मला दिसला असता. या गावाचा एकमेव विजय माझ्या मामाने घालवला. दुसऱ्या दिवशी हे मोठ्या अक्षरात छापून आलं. ते खोटं नाही. तो चेंडू बोने डोळे मिटूनही पोचवला असता.

काल ब्रॅनिगनसाहेबांच्या सेक्रेटरीने फोन करून मला कळवलं की किल्ल्या कुणाकडे द्यायच्या. ते स्वतः बोलले नाहीत. हवापाण्याविषयीसुद्धा.

मी योग्य केलं असं मला वाटतं. पण ते कुणाच्या कामाचं, हे कळत नाही. त्याने चार दिवस वाट पाहिली, आणि ते चार दिवस वाया गेले नसते तर डोळा वाचला असता, असं इथला डॉक्टर म्हणतो. मी त्याला मैदानापासून अडवलं, पण गाडीत घालू शकलो नाही.

तू काही लिहिलंस तरी मी वाचेन. काहीच न लिहिलंस तरी समजेन.
एमिल

*

शिकागो
९ जानेवारी १९७४

चि. एमिल यास,
आशीर्वाद.

शस्त्रक्रिया नाताळाआधीच झाली. बोच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आहेत आणि डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मी त्याला चमच्याने सूप भरवते. तो गिळतो. काल मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळेल. डावा त्यांनी आतून डागून पक्का केलाय, तो राहील. त्या रविवारी खेळला असता तर डावाही राहिला नसता, असं ते म्हणाले. मी बोला ते जसंच्या तसं सांगितलं. त्याने तोंड भिंतीकडे फिरवायचा प्रयत्न केला, पिशव्यांमुळे फिरवता आलं नाही.

आता माझं ऐक. मला तुझा राग आला आहे, आणि तो मी गिळणार नाही, नाहीतर सगळी माया नासेल. मी आयोवातून, फादरच्या धुरकट पडद्यावर ते पाहिलं. तू दहा पावलांवर होतास. मी लिहिलं, आणि तू मला खेळाचा धर्म शिकवलास. तुला वाईट खेळणारा गडी दिसत होता, आपला बो दिसत नव्हता. दुसऱ्या कुणाच्या मुलासारखं त्याला वागव, असं मीच लिहिलं होतं. ते तू पाळलंस. त्याबद्दल मी स्वतःला काय म्हणू ते मला अजून कळत नाही.

इथे येऊ नकोस. आत्ता नाही.

आयरीनला माझा नमस्कार सांग. तिने शपथ मोडली त्याचं पाप तिला लागायचं नाही.
ओल्गाताई

*

पोर्ट हॅरो
२६ मार्च १९७४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ईस्टरला ये म्हणून तू लिहिलंस. वाचून मी बराच वेळ गॅरेजमध्ये बसलो होतो. आयरीनला वाटलं मी गाडी धुतोय.

मी येणार नाही. तुझा राग उतरलाय की तू तो बाजूला ठेवलायस, ते मला माहीत नाही, पण बोच्या घरात, त्याच्या टेबलावर बसून मी डुकराचं मांस आणि कोबी खाऊ शकत नाही.

तुझ्यापासून काय लपवायचं? तीन महिन्यांत एकाही संघाचा फोन आला नाही. पूर्वी ज्यांच्या हाताखाली होतो, त्यांना मी पत्रं टाकली. दोघांनी उत्तर दिलं, छान शब्दांत. एकही सामना न जिंकलेला कोच कुणाला घरात घ्यावासा वाटत नाही, सर्दी झालेल्या माणसासारखा. आयरीन कापडाच्या दुकानात जायला लागली. मी घरी असतो. गिरणीचे भोंगे ऐकतो. पहिला भोंगा वाजला की उठतो आणि मग कुठे जायचं ते आठवत नाही.

परवा मी उजवा डोळा हाताने झाकून अर्धा तास घरभर फिरलो. दाराच्या चौकटीला खांदा आपटला, कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. एवढ्या वेळातच माझा जीव घाबरा झाला. हे पोर असं दोन महिने मैदानात उभं राहिलं, त्या राक्षसांपुढे, आणि रोज संध्याकाळी माझ्या टेबलावर बसून विनोद करत होतं. माझ्यासाठी. आणि मी घास धरून भिंत बघत होतो.

टर्कींची नवी पिल्लं आली असतील. देव तुला सुखी ठेवो.
एमिल

*

आयोवा
५ एप्रिल १९७४

मामास,
बोचा नमस्कार.

ओळी तिरक्या गेल्या असतील, तू सरळ करून वाच. एका डोळ्याने कागदाची कड सापडत नाही. कॉफी ओततो ती कपाच्या बाहेर पडते. ट्रॅक्टर चालवायला आई देत नाही, आणि परवा मी तो चोरून चालवला तर होरेसच्या कुंपणाचे चार खांब गेले. होरेस काही बोलला नाही. आधी बोलला असता. लोक मला बोलत नाहीत आता, त्याचीच चीड येते.

तुझं आईला आलेलं पत्र मी वाचलं. तिने टेबलावर उघडं टाकलं होतं. मुद्दामच टाकलं असावं.

मी तुला माफ केलेलं नाही. हे पहिल्यांदा लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा गैरसमज होणार नाही. ऑर्विलचा तो चेंडू बर्फात पडताना मी रोज बघतो. तो गडी डावीकडे हात वर करून उभा असतो आणि मी बाकावर असतो. मी खेळणार नाही असं तू ठरवलंस, कारण तू माझा मामा आहेस. मी तेव्हा तुझा क्वार्टरबॅक होतो. मामा मला घरी हवा होता.

पण एक गोष्ट मला कुणाला सांगता येत नाही, आईला तर नाहीच. हॉस्पिटलात पट्ट्या होत्या तेव्हा नर्सने विचारलं, एवढं होतं तर आधी का नाही सांगितलंस? मी थापा मारल्या. खरं असं की, मला माहीत होतं. बायबल घेऊन सांगतो, पडदा चढतोय हे मला कळत होतं. आणि त्या रविवारी कुणी मला विचारलं असतं, की हा एक सामना तुला देतो, बदल्यात दोन्ही डोळे दे, तर मी दिले असते. विचारसुद्धा केला नसता. हेल्मेट मांडीवर घेऊन मी तेच मागत बसलो होतो.

आता सकाळी मी गोठ्याच्या दारात उभा राहतो. समोर धुकं असतं, त्यातून गाई येतात, आधी त्यांची शिंगं, मग तोंडं. आई बादली आपटत मागून येते, दोन शिव्या देते. हे सगळं मला दिसतं. आणि मला भीती वाटते, मामा. डोळ्याची नाही. त्या दिवशी जो मी होतो, त्याची. कारण मला नाही म्हणणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं, मी तर नव्हतोच. तू एकटा होतास.

ईस्टरला ये. मी तुझ्याशी बोलेन असं वचन देत नाही. कदाचित जेवून उठून बाहेर जाईन. पण कणीक मळताना आई रडते, आणि मग पाव खारट होतो, आम्ही दोघं तो गुपचूप खातो. मामीला घेऊन ये. स्टेशनवर मी येईन घ्यायला, गाडी होरेस चालवेल.

राग अजून आहे. तो तिथेच असू दे, आणि तू ये.

तुझा भाचा,
बो